माहिती प्रणाली आणि डेटा व्यवस्थापनातील संशोधन : पुण्यातील नव्या संशोधकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहिती प्रणाली आणि डेटा व्यवस्थापन हे एकच विषय आहेत का?

नाहीत, पण त्यांचे घर एक आहे आणि दारे दोन आहेत. शहर बससेवेतील वाहकाच्या यंत्रातून दिवसभरात निघालेल्या तिकिटांच्या नोंदी कशा साठवाव्यात, त्यांतली दुबार नोंद कशी ओळखावी आणि लाखो नोंदींतून एखाद्या मार्गाची आकडेवारी झटपट कशी काढावी, हे प्रश्न डेटा व्यवस्थापनाचे आहेत. तीच आकडेवारी रोज सकाळी आगारप्रमुखाच्या टेबलावर येत असूनही वेळापत्रक जुन्याच सवयीने का ठरते, हा माहिती प्रणालीचा प्रश्न झाला.

पहिल्या परंपरेची सुरुवात साधारणपणे एडगर कॉड यांच्या १९७० मधील निबंधापासून मानली जाते. डेटा कोष्टकांच्या, म्हणजे गणिती संबंधांच्या रूपात मांडावा आणि तो प्रत्यक्ष कुठे, कसा साठवला आहे याच्याशी वापरणाऱ्याला कर्तव्य नसावे, ही त्यांची मांडणी आजही टिकून आहे. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये घटक आणि त्यांच्यातील नाती यांची आकृती दिली, जी आपल्याकडे पदवीचा प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत काढतो. दुसऱ्या परंपरेचे मुख्य नियतकालिक असलेले ‘एमआयएस क्वार्टर्ली’ १९७७ मध्ये सुरू झाले. तंत्रज्ञान उपयुक्त वाटणे आणि वापरायला सोपे वाटणे यांवर त्याचा स्वीकार अवलंबून असतो, हे फ्रेड डेव्हिस यांचे १९८९ चे प्रतिमान याच नियतकालिकात आले, तर प्रणाली ‘यशस्वी’ कधी म्हणावी याची डिलोन आणि मॅक्लीन यांची चौकट १९९२ ची आहे.

दोन्ही परंपरांची पुराव्याची कल्पना निराळी आहे. एकीकडे प्रमेयाची सिद्धता किंवा मोजलेला वेळ ग्राह्य धरतात, दुसरीकडे मुलाखत, प्रश्नावली आणि निरीक्षण. आपण कोणत्या दाराने आत शिरणार आहोत हे पहिल्या सहा महिन्यांत ठरले नाही, तर प्रबंध दोन्ही परीक्षकांना अर्धा वाटतो.

नोंदणी कोणत्या विद्याशाखेत करावी?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठात विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अशा चार विद्याशाखा आहेत. डेटाबेसच्या अंतर्गत रचनेवर काम करणारे बहुधा पहिल्या शाखेत जातात, संस्था आणि वापरकर्ते यांच्यावर काम करणारे दुसऱ्या. मात्र निर्णय शाखेच्या नावावरून घेऊ नये. संभाव्य मार्गदर्शकाचे गेल्या पाच वर्षांतील निबंध आधी वाचावेत, कारण पुढची तीन ते सहा वर्षे त्यांच्याच पद्धतीत काढायची आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीचा किमान कालावधी कोर्सवर्क धरून तीन वर्षांचा आणि सर्वसाधारण कमाल कालावधी सहा वर्षांचा आहे.

विषय कसा निवडावा? मार्गदर्शक म्हणतात, ‘स्वीकाराचे प्रतिमान घ्या आणि पुणे शहरापुरते तपासा.’

हा सल्ला सुरक्षित आहे, म्हणूनच तो सर्वांना मिळतो. मोबाईल बँकिंग, ऑनलाइन शिक्षण, यूपीआय, आरोग्यविषयक ॲप या साऱ्यांवर डेव्हिस यांचे प्रतिमान लावून झालेले आहे आणि ‘उपयुक्त वाटले म्हणून वापरले’ हा निष्कर्ष हाती येण्यासाठी तीन वर्षे खर्च करण्याचे कारण उरलेले नाही. शहराचे नाव बदलल्याने प्रश्न नवा होत नाही.

त्यापेक्षा एखादी नोंद जन्माला कशी येते आणि वाटेत तिचे काय होते, याचा माग घ्यावा. पुण्याचेच उदाहरण घेऊ. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. प्रभागांच्या सीमा निवडणुकांच्या निमित्ताने वेगळ्याच कारणांनी बदलत राहिल्या आणि लोकसंख्येचा आधार मात्र २०११ च्या जनगणनेचा. आता ‘दरडोई पाणीपुरवठा दहा वर्षांत वाढला का?’ हे साधे वाटणारे वाक्य तपासायला गेल्यास ‘पुणे’ या शब्दाचाच अर्थ प्रत्येक वर्षी निराळा निघतो. काळानुसार बदलणाऱ्या सीमा डेटाबेसमध्ये कशा मांडाव्यात, जुन्या आणि नव्या क्षेत्रांतील आकडे तुलनायोग्य कसे करावेत आणि ही विसंगती अधिकाऱ्यांच्या निर्णयांत कुठे उतरते, या तीन प्रश्नांपैकी प्रत्येकात एक प्रबंध आहे. पहिला शुद्ध डेटा व्यवस्थापनाचा, तिसरा माहिती प्रणालीचा, आणि मधला दोघांच्या उंबरठ्यावरचा.

काही घडवून दाखवायचे असेल, तर हेव्हनर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेली रचना-विज्ञानाची पद्धत पाहावी. तिच्यात प्रणाली बांधणे हेही संशोधन मानले जाते, पण बांधलेल्या वस्तूचे काटेकोर मूल्यमापन झाले तरच. ‘ॲप तयार केले आणि पन्नास विद्यार्थ्यांना आवडले’ याला मूल्यमापन म्हणत नाहीत.

पुण्यात संशोधनाजोगा डेटा कुठे मिळतो?

या बाबतीत पुणे सुदैवी आहे. महापालिकेने खुल्या डेटासाठी स्वतंत्र संकेतस्थळ केलेले आहे. भारतीय हवामान विभागाचे राष्ट्रीय डेटा केंद्र शिवाजीनगरला आहे आणि तेथील जुन्या नोंदी हस्तलिखित नोंदवह्यांतून संगणकात कशा आल्या, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकतो. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांच्या निरीक्षणांचा संग्रह ठरावीक काळानंतर इतर संशोधकांना खुला होतो. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढू परिसरातील २२ गावांत २००२ पासून जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सलग नोंद ठेवली आहे. तिथला डेटा अर्थातच मागताक्षणी मिळत नाही आणि मिळूही नये.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे नाव या यादीत पाहून काहींना नवल वाटेल. महाभारताची चिकित्सक आवृत्ती संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केली, आणि तिच्या प्रत्येक पानाच्या तळाशी कोणता पाठ कोणत्या हस्तलिखितातून घेतला याची सांकेतिक नोंद आहे. डेटाबेसच्या क्षेत्रात ज्याला डेटाची वंशावळ म्हणतात, ती हीच गोष्ट. एकाच मजकुराच्या शेकडो परस्परविरोधी प्रती कशा साठवाव्यात, हा प्रश्न या शहराने संगणकापूर्वीच हाताळलेला आहे.

डेटा मागताना एक गोष्ट आवर्जून करावी. कोष्टकाबरोबर प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक, नोंद कोणी आणि केव्हा केली, रिकामी जागा म्हणजे ‘शून्य’ की ‘माहीत नाही’, हेही लेखी मागावे. एका कार्यालयाकडून मला तीन वर्षांच्या तक्रारींची यादी मिळाली होती, तीही छापील कागद स्कॅन करून केलेल्या पीडीएफमध्ये. ती टंकित करून घेतल्यावर कळले की ‘निकाली’ या शब्दाचा अर्थ तिथे ‘तक्रार दुसऱ्या विभागाकडे पाठवली’ असा होता.

मराठीतील डेटावर काम करताना कोणत्या अडचणी येतात?

इतक्या येतात की त्यांवर स्वतंत्र संशोधन व्हायला हवे, आणि ते इथे झाले नाही तर दुसरीकडे कोणी करणार नाही.

पहिली अडचण जुन्या फॉन्टांची. युनिकोड हा अक्षरांचा सामायिक संगणकीय संकेत सर्वत्र रुळण्याआधी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतांत टंकित होत असे. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा मानक १९९१ मध्ये आला, तरी छपाईच्या आणि कार्यालयांच्या दुनियेत फॉन्टनिहाय संकेतच चालू राहिले. अशी फाइल आज उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. रूपांतरक उपलब्ध आहेत, पण जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांच्या जागा चुकतात, त्यामुळे रूपांतरानंतर यादृच्छिक नमुना घेऊन माणसाकडून तपासणी करणे आणि चुकांचे प्रमाण प्रबंधात देणे आवश्यक आहे.

दुसरी अडचण युनिकोडमध्येही सुटलेली नाही. ‘ॲ’ हे अक्षर एकाच चिन्हाने लिहिता येते, तसेच ‘अ’ला चंद्र जोडूनही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे वाटतात आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या, म्हणजे समान अक्षरांची वेगवेगळी रूपे एक करण्याच्या प्रक्रियेतही ते एक होत नाहीत. ‘ऱ’च्या बाबतीत नशीब थोडे बरे आहे. ते आणि नुक्ता जोडलेला ‘र’ प्रमाणीकरणात एकच होतात. मात्र ‘दऱ्या’मधला अर्धा र काही जण अदृश्य जोडचिन्ह वापरून काढतात आणि ते रूप पुन्हा निराळे पडते. म्हणून ‘ॲड.’ शोधल्यावर निम्मेच वकील सापडले, तर दोष वकिलांचा समजू नये.

तिसरी अडचण क्रमाची. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो आणि ‘क्ष’ हे जोडाक्षर ‘क’च्या घरात पडते, तर आपल्या वर्णमालेत ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ हे ‘ह’नंतर शेवटी येतात. डेटाबेसला मराठीचा क्रम स्पष्टपणे सांगितला नाही, तर यादी तक्त्याच्या क्रमाने लागते.

चौथी आणि सर्वांत अवघड अडचण नावांची आहे. मतदार यादीत आडनाव आधी, गुणपत्रिकेत कधी आधी तर कधी शेवटी, मधले नाव वडिलांचे की पतीचे हे सांगणारी खूण नाही, आणि विवाहानंतर तिन्ही बदललेली. दोन याद्यांतील एकच व्यक्ती ओळखण्याचा संभाव्यतेवर आधारलेला सिद्धांत फेलेगी आणि सन्टर यांनी १९६९ मध्ये मांडला. तो भाषेवर अवलंबून नाही, पण त्यात वापरले जाणारे उच्चारसाम्याचे निकष अवलंबून असतात. साउंडेक्स या प्रसिद्ध पद्धतीत पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवतात. ‘वाघ’ हे आडनाव रोमन लिपीत कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने, आणि साउंडेक्सच्या लेखी ते दोघे एकमेकांचे कोणी लागत नाहीत. देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांतून मराठी नावे जुळवणारी, मोजून तपासलेली पद्धत करणे हा पीएचडीचा उत्तम विषय आहे, असे माझे मत आहे.

प्रश्नावलीसाठी ३८४ उत्तरे पुरेशी आहेत ना?

हा आकडा मंत्रासारखा वापरला जातो, म्हणून तो येतो कुठून ते पाहू. विश्वासपातळी ९५ टक्के, चुकीची मर्यादा ५ टक्के आणि प्रमाण निम्मे गृहीत धरल्यास १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे सुमारे ३८४ येतात. क्रेजी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातही मोठ्या लोकसंख्येसमोर हाच आकडा आहे. या गणिताची मूळ अट मात्र अशी की नमुना यादृच्छिक असावा. हिंजवडीतील ओळखीच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर गूगल फॉर्म पाठवून ३८४ उत्तरे जमवली, तर आकडा तक्त्यातला आणि नमुना मित्रमंडळींचा, असा प्रकार होतो. शिवाय हे सूत्र एखादे प्रमाण अंदाजण्यासाठी आहे. अनेक घटकांमधील कार्यकारणसंबंध तपासायचे असतील, तर नमुन्याचा आकार अपेक्षित परिणाम आणि सांख्यिकीय सामर्थ्य यांवरून काढावा लागतो. नमुना सोयीचा असेल तर तसे सरळ लिहावे. प्रामाणिकपणे मर्यादा सांगणाऱ्या प्रबंधावर व्हायव्हात कमी प्रश्न येतात, असाच आमचा अनुभव आहे.

नावे काढून टाकली की डेटा निनावी होतो का?

होत नाही. लटान्या स्वीनी यांनी अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून दाखवले की पिनकोडसारखा पाच अंकी झिप कोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्यावरून तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांना एकमेव म्हणून वेगळे काढणे शक्य होते. आपल्या पिनकोडमध्ये राहणाऱ्यांची संख्या बरीच मोठी असते, त्यामुळे ती टक्केवारी इथे उचलून लावू नये. पण पिनकोडबरोबर जन्मतारीख, व्यवसाय आणि महाविद्यालयाचे नाव दिले, तर सदाशिव पेठेतील माणूस शेजाऱ्यांना ओळखू येणारच. त्यावर उपाय म्हणून जन्मतारखेऐवजी वयोगट, पिनकोडऐवजी विभाग अशी ढोबळ रूपे देतात आणि प्रत्येक गट किमान ठरावीक संख्येचा राहील असे पाहतात. आकडेवारीत मोजून गोंगाट मिसळण्याची, २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत यापेक्षा भक्कम आहे आणि अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ती वापरली गेली.

कायद्याच्या बाजूने पाहता, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संशोधन आणि सांख्यिकी यांसाठी सवलत आहे. मात्र त्या डेटावरून संबंधित व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि विहित मानके पाळली जावीत, या तिच्या अटी आहेत. सवलत आहे म्हणून संमतिपत्र आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी यांना फाटा देता येत नाही.

एक्सेल चालेल का?

पाहणीपुरते चालेल, साठवणीला नको. इंग्लंडमध्ये २०२० साली जुन्या एक्सेल स्वरूपाची ६५,५३६ ओळींची मर्यादा ओलांडली गेल्यामुळे कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस अहवालातून गळले होते. मूळ फाइल कधीही बदलू नये. प्रत्येक दुरुस्ती संगणकीय आज्ञावलीतून करावी, म्हणजे ती पुन्हा चालवून दाखवता येते. साठवणीसाठी पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणाली फुकट मिळतात.

निबंध कुठे प्रसिद्ध करावा? विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी आता नाही, असे ऐकले.

बरोबर ऐकले. या यादीची कथा पुण्याशी जवळून जोडलेली आहे. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची जी जुनी मान्यताप्राप्त यादी होती, तिची इथल्या विद्यापीठातील संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले की तिच्यातील अन्यत्र सूचीबद्ध नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची असावीत. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके वगळली. २०१९ मध्ये केअर यादी आली, तिच्या विश्लेषणाचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राकडे होते, आणि २०२५ मध्ये आयोगाने ती यादीच बंद करून नियतकालिकाची पारख संस्थांवर आणि संशोधकांवर सोपवली. प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध झालेला असण्याची देशव्यापी सक्तीही २०२२ च्या नियमांत उरलेली नाही, मात्र आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक वेगळे काही सांगते का, ते पाहावे.

इथेही दोन परंपरांचा रिवाज भिन्न आहे. डेटाबेसच्या क्षेत्रात ‘सिगमॉड’ आणि ‘व्हीएलडीबी’ या परिषदांना नियतकालिकांइतका, किंबहुना अधिक मान आहे. व्हीएलडीबी परिषद १९९६ मध्ये मुंबईत भरली होती. माहिती प्रणालीत मात्र नियतकालिकेच मोठी. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आठ निवडक नियतकालिकांची यादी २०२३ मध्ये अकरांची झाली. नियुक्ती समितीत दुसऱ्या परंपरेचे सदस्य असतील, तर हा फरक समजावून सांगायची तयारी ठेवावी लागते.

‘चार दिवसांत स्वीकृती’ असा ईमेल आला, तर तो पुसून टाकावा. याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

निबंध वाचायलाच मिळत नाहीत, काय करावे?

‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आणि सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय संस्थांना खुली झाली. पुण्यातील अनेक खासगी विनाअनुदानित महाविद्यालये तिच्या बाहेर राहतात, ही त्यातील मोठी उणीव आहे. अशांनी विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात आपल्या नोंदणीवर काय वापरता येते ते विचारावे. व्हीएलडीबीचे निबंध मुळातच विनामूल्य आहेत, पुष्कळ लेखक मसुदा आपल्या पानावर ठेवतात आणि लेखकाला नम्र ईमेल केल्यास प्रत बहुधा येतेच. शोधासाठी जर्मनीतील ट्रियर येथे सुरू झालेली ‘डीबीएलपी’ ही सूची वापरावी.

साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साम्य १० टक्क्यांच्या आत आले की काळजी मिटली का?

आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढाच त्याचा अर्थ. कल्पना उचलून शब्द बदलले असतील, तर ते सॉफ्टवेअरला दिसत नाही, परीक्षकाला दिसते.

मी नोकरी करते. कंपनीचा डेटा प्रबंधात वापरता येईल का?

अर्धवेळ पीएचडीला मुभा आहे, त्यासाठी नियोक्त्याचे ना-हरकत पत्र लागते. ते पत्र शिकण्याच्या परवानगीचे असते, डेटाच्या परवानगीचे नव्हे, आणि नेमकी इथेच गफलत होते. डेटासाठी वेगळे लेखी पत्र घ्यावे. त्यात कोणते स्तंभ, कोणत्या काळाचे, कोणत्या रूपात प्रसिद्ध करता येतील आणि नोकरी सोडल्यास काय, हे स्पष्ट असावे. पीएचडीच्या चौथ्या वर्षी नोकरी बदलणे ही पुण्यात दुर्मीळ घटना नाही. शक्य असल्यास खुल्या डेटावर तोच प्रयोग करून ठेवावा, म्हणजे कंपनीने ऐनवेळी नकार दिला तरी एक प्रकरण हातात राहते.

प्रबंध सादर झाल्यावर डेटाचे काय करावे?

प्रबंधाची प्रत ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जाते, डेटा मात्र बहुतेक वेळा संशोधकाच्या लॅपटॉपबरोबर निवृत्त होतो. डेटा सापडावा, मिळावा, इतर प्रणालींशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा, ही ‘फेअर’ या नावाने ओळखली जाणारी चार तत्त्वे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचा व्यवहारातला अर्थ इतकाच की कायमस्वरूपी क्रमांक देणाऱ्या संग्रहात फाइल ठेवावी, वापराचा परवाना लिहावा, आणि स्तंभांचे अर्थ सांगणारी साधी मजकुराची फाइल सोबत जोडावी. ती फाइल मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत असावी, विशेषतः ज्या नोंदी मूळ मराठीत आहेत त्यांच्या बाबतीत. वैयक्तिक डेटा खुला करता येत नसेल, तर तो कोणाकडे, कोणत्या अटींवर मागता येईल तेवढे तरी तिथे लिहावे, आणि संपर्कासाठी स्वतःच्या ईमेलऐवजी विभागाचा पत्ता द्यावा.